चासीतलं मीठ: पिकअपच्या दुरुस्तीच्या नोंदी

११ फेब्रुवारी २०२४, रविवार

काल संध्याकाळी कुळागरातून (आमच्या बागायतीतून) केळीचे घड आणि नारळाची पोती घेऊन फोंड्याला उतरताना मागच्या डाव्या बाजूने ‘कट्’ असा आवाज आला. खड्ड्यात नव्हे, वळणावर. माल उतरवून परत येताना गाडी गप्प. भरल्यावर आणि वळतानाच वाजते, म्हणजे एक तर पाट्यांचा (स्प्रिंगच्या पट्ट्यांचा) हँगर, नाही तर तो जिच्यावर बसतो ती चासी, म्हणजे दोन लांब बीमांचा गाडीचा सांगाडा. आज सकाळी अंगणात मागची बाजू घोड्यांवर (स्टँडवर) घेतली आणि खाली शिरलो.

मागच्या पाट्यांचा पुढचा हँगर जिथे रिव्हेट केलाय, त्याच्या वीतभर पुढे डाव्या बीमला कुणीतरी पूर्वी मारलेली पट्टी आहे. वरून डांबरासारखा जाड काळा रंग. हातोडीने पुढून मागे ठोकत आलो. धड बीम ‘टण्ण’ वाजतो, पट्टीजवळ आलं की ‘थद’. पट्टीच्या पुढच्या टोकाला, उभ्या वेल्डिंगला चिकटूनच, खालच्या कडेपासून वर चढलेली बारीक चीर दिसली. बाजूला छिन्नी टेकवून हलकेच ठोकली तर ती सरळ आत गेली. छिन्नी ओढली तसे आतून मूठभर पापुद्रे माझ्या छातीवर पडले.

गाडी २००९ ची. आम्ही २०२१ मध्ये किनाऱ्याकडच्या एका मासळीवाल्याकडून घेतली. घेताना इंजिन ऐकलं, टायर बघितले, हौद्याचा नवा रंग बघितला. चासीला टॉर्च लावली नाही. बारा वर्षं या गाडीने जेटीवरून बर्फातली मासळी वाहिली आणि ते वितळलेलं खारं पाणी रोज हौद्यातून चासीवर ठिबकलं, हे डोळ्यांसमोर असूनही मनात आलं नाही.

गाडी आजपासून बंद. माल भाड्याच्या टेम्पोने जाईल.

१३ फेब्रुवारी

दादाचं म्हणणं, भंगारात घाल, नाही तर कुठून तरी दुसरी चासी आणून बसव. चासी बदलणं नटबोल्टचं काम असलं तरी कागदांचंही आहे. चासी नंबर हीच गाडीची ओळख, तो बदलायचा तर आरटीओची परवानगी हवी आणि आणलेल्या चासीची कुळकथाही स्वच्छ हवी. आमचा नंबर उजव्या बीमवर पुढच्या चाकाजवळ ठोकलेला आहे आणि तो भाग ठणठणीत आहे. आज तो कपड्याने पुसला, कागद लावून पेन्सिलीने छाप काढला आणि आरसी बुकाशी ताडून बघितला. त्या जागेच्या दोन वितींत ग्राइंडर न्यायचा नाही, असं खडूने लिहून ठेवलंय.

फिटनेसचा, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचा, दाखला जूनअखेर संपतो. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर तो दरवर्षी करावा लागतो. त्याआधी आणि पावसाआधी काम उरकायचं. पाऊस लागला की इथे उघड्यावर रंग धरत नाही.

उसगावकडच्या मेस्त्रींना बोलावलं. खाणी चालू होत्या तेव्हा त्यांनी खनिजाच्या टिपरांच्या चासी जोडल्या. २०१८ च्या मार्चमध्ये खाणी बंद झाल्यावर ग्रील आणि पत्र्याच्या शेडवर आले. गाडीखाली पाठीवर झोपून पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग बोटाने एक पापुद्रा सोलला आणि म्हणाले, “पात्रांव, हें लोखण न्हय, हो पापड.” (मालक, हे लोखंड नव्हे, हा पापड.) पण उजवा बीम आणि डाव्याचा पुढचा अर्धा भाग वाजवून ते म्हणाले, वाचेल. त्यांची अट एकच: घाई करायची नाही.

१८ फेब्रुवारी, रविवार

हौदा उतरवला. यू क्लॅम्पचे सोळा नट, त्यातले तीनच पान्याने सुटले, बाकीचे कापले. शेजारचे चौघे आणि माडाचे दोन वासे लावून हौदा उचलून बाजूला ठेवला.

चासी आणि हौदा यांच्यामध्ये लाकडी पट्ट्या होत्या. त्या अजून ओल्या. फेब्रुवारीचा मध्य, पाऊस जाऊन चार महिने झाले, गाडी आठवडाभर उन्हात उभी, आणि पट्टी हातात पिळली तर बोटं ओली होतात. जीभ लावून बघितली. खारट. तीन वर्षं आम्ही यातून नारळ-केळी नेतोय, मासळी एकदाही भरली नाही. एवढं मीठ त्या लाकडात बारा वर्षांत मुरलेलं होतं आणि ते दिवसरात्र बीमच्या पाठीवर दाबून बसलं होतं. पट्ट्यांखालचा बीम खवल्याखवल्यांचा झालाय, पट्टीची लांबी जिथे संपते तिथे गंजही संपतो.

१९ फेब्रुवारी

डिझेलची टाकी, मागचा ब्रेक पाइप, वायरिंगचा मागचा हार्नेस, प्रॉपेलर शाफ्ट, सायलेन्सर उतरवले. बॅटरी काढून ठेवली, ऑल्टरनेटरच्या वायरी सोडल्या. ब्रेक पाइप क्लिपखाली खाल्लेला आहे, नवाच घालणार.

२५ फेब्रुवारी, रविवार

नकाशाचा दिवस. डांबर खरवडून दोन्ही बीम वाजवत गेलो, जिथे आवाज बसला तिथे खडूने फुली. मग फुल्यांच्या आजूबाजूला बारीक भोकं पाडून व्हर्नियरने जाडी मोजली. मूळ पत्रा चार मिमीचा. धड जागी ३.८, ३.७ येतो. हँगरच्या पुढे २.१. जुन्या पट्टीखाली मोजायला पत्राच नाही. ती उखडली तेव्हा मागे बीमच्या आकाराची गंजाची भिंत उभी होती, हात लावताच ती ढासळली.

ज्याने ती पट्टी मारली त्याने कुजलेलं कापलं नाही, वर झाकण बसवलं. चारी बाजूंनी भरगच्च वेल्डिंग केलं, त्यामुळे आत शिरलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट राहिली नाही. शिवाय पट्टीची टोकं काटकोनात सरळ कापलेली. दोन चाकांच्या मधल्या भागात भार पडला की बीमची खालची कड ताणली जाते, आणि तो ताण नेमका त्या उभ्या वेल्डिंगच्या पायाशी साठतो. चीर तिथूनच निघालीय. परवा-तेरवा ती वरपर्यंत गेली असती तर भरली गाडी मध्येच मोडली असती.

बीमच्या तळाला कंपनीने पाणी जायला भोकं ठेवलेली आहेत. सगळी बुजलेली. डाव्या बीमच्या भोकात तार घालून फिरवली तर काळा चिखल आला आणि त्यात माशाचे खवले. सुकलेले, नखाएवढे, अजून चमकणारे. एक बारीक काटाही. वहिनींनी ताटलीत ठेवून बघितला, म्हणाल्या बांगड्याचा असावा. बुजलेल्या भोकावर पाणी साठून राहायचं, आणि सगळ्यात वाईट कुजलेली जागा बरोबर तीच आहे.

३ मार्च, रविवार

मेस्त्री ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून तासभर घासत होते. बीम आरशासारखा झाला, मला वाटलं निम्मं काम झालं. मेस्त्री म्हणाले, उद्या सकाळी बघा.

४ मार्च

सकाळी चहाच्या आधी बघितलं. घासलेल्या चकचकीत भागावर नारिंगी ठिपके फुटलेत, अंगावर घामोळं उठावं तसे. पाऊस नाही, दंवही फारसं नाही. प्रत्येक ठिपक्याच्या मध्यभागी बारीक खड्डा आणि खड्ड्याच्या तोंडाशी ओलसर थेंब.

पुतणी बीएस्सीला रसायनशास्त्र घेऊन आहे. तिला दाखवलं. तिने जे सांगितलं ते मला पटेल असं इथे लिहून ठेवतो. लोखंड गंजायला पाणी आणि हवा पुरतात, पण मीठ असलं की पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजणं कितीतरी झपाट्याने होतं. मीठ हवेतून पाणी ओढतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाझर फुटतो, तेच. साधं मीठ दमटपणा साधारण ७५ टक्क्यांवर गेला की विरघळू लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, त्याला ३३ टक्के पुरतात. गोव्याच्या हवेला ३३ टक्के म्हणजे काहीच नव्हे, त्यामुळे मीठ बसलेला पत्रा इथे बाराही महिने ओलाच. त्यात हे क्लोराइड गंजाच्या थराखाली, खड्ड्याच्या अगदी तळाशी, धड लोखंडाला चिकटून बसतं. ब्रश वरचा गंज काढतो, खड्ड्याचं तोंड घासून बंद करतो आणि मीठ आत कोंडतो. त्यावर रंग मारला तर तो फुगून सुटणार.

वेल्डिंगच्या विचारात होतो तेव्हा हे डोक्यात नव्हतं. आता आधी मीठ काढायचं, मग कापाकापी.

१० मार्च, रविवार

पुतणीने कॉलेजात सरांना विचारून सिल्व्हर नायट्रेटची बारीक बाटली आणि थोडं पातळ नायट्रिक आम्ल आणलं. चाचणी सोपी आहे. बीमच्या पेटीत, म्हणजे आतल्या पोकळीत, वरच्या भोकातून पाव लिटर बॅटरीचं पाणी (बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी) ओतायचं, पाच मिनिटं थांबायचं, तळाच्या भोकातून काचेच्या ग्लासात घ्यायचं, गाळायचं. त्यात आम्लाचा एक थेंब, मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब. क्लोराइड असेल तर पांढरं होतं. बॅटरीचंच पाणी का, तर विहिरीच्या पाण्यातही थोडं क्लोराइड असतं, ते आपली फसगत करतं. तिने आधी कोऱ्या बॅटरीच्या पाण्यात थेंब टाकून दाखवला. ते स्वच्छ राहिलं.

बीममधल्या पाण्यात थेंब पडला आणि ग्लासात दही लागल्यासारखं झालं. गुठळ्या तळाला बसल्या. आम्ही तिघं बघत राहिलो.

मग धुणं. विहिरीचा पंप जोडून प्रेशर गनने पेटीत आतून, दोन्ही टोकांकडून, प्रत्येक भोकातून. मध्ये मध्ये चुलीवर तापवलेलं पाणी. अर्धा दिवस. संध्याकाळच्या चाचणीत दह्याऐवजी दूध. मेस्त्री ग्लास उजेडात धरून म्हणाले, “मीठ आजून भायर सरूंक ना.” (मीठ अजून बाहेर पडलं नाही.)

पुतणीच्या बोटांना सिल्व्हर नायट्रेट लागलंय, टोकं काळी पडलीत. आठवडाभर जाणार नाहीत म्हणते.

१७ मार्च, रविवार

आठवडाभर रोज संध्याकाळी अर्धा तास धुतलं. शिवाय मेस्त्रींनी कुंडईहून नीडल गन भाड्याने आणली. तिच्या सुया खड्ड्याच्या तळापर्यंत ठोकतात आणि तळाचा कडक काळा थर फोडतात, ब्रशला ते जमत नाही. ठोकायचं, धुवायचं, सुकवायचं, पुन्हा ठोकायचं. सातव्या फेरीला ग्लासातलं पाणी अगदी पुसटसं, तांदळाच्या तिसऱ्या पाण्यासारखं. उजवा बीम त्याहून स्वच्छ. सकाळी ठिपके अजून येतात, पण मोजण्याइतके.

२५ मार्च

काल होळी. शिगमा सुरू झाला, मेस्त्री त्यांच्या गावच्या रोमटामेळात (शिगम्याच्या मिरवणुकीत), काम बंद. मी एकटाच नीडल गन घेऊन क्रॉस मेंबरची (दोन बीमांना जोडणाऱ्या आडव्या तुकड्याची) पाठ साफ केली.

३१ मार्च, रविवार

कापण्याआधी मापं. हे काम चुकलं तर चासी वाकडी जोडली जाईल आणि गाडी आयुष्यभर तिरकी धावेल, टायर खात.

अंगणातली फरशी पुसली. चासी सहा घोड्यांवर समपातळीत घेतली, पाण्याच्या नळीने पातळी बघितली. मग बीमवरच्या ठरलेल्या भोकांतून ओळंबा सोडून फरशीवर खडूने टिंबं: पुढच्या हँगरची दोन, मागच्यांची दोन, कॅबच्या माउंटिंगची दोन. टिंबाटिंबांत तिरके कर्ण मोजले. डावा-उजवा फरक तीन मिमी. इतका चालतो, गाडी मुळात सरळ आहे. टिंबांवर रंग लावून ठेवला, खडू पुसला जाऊ नये म्हणून. सगळी मापं शेडच्या दारामागे लिहिलीत.

मग कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना दणकट अँगल वेल्डिंगच्या टाक्यांनी धरून बसवले, बीमला कुबड्या दिल्यासारखे. एका वेळी एकच बाजू उघडायची, हे मेस्त्रींनी तीनदा सांगितलं.

दुपारनंतर कापलं. तीन मिमीच्या खाली जिथे जाडी गेली ते सगळं गेलं, पुढेमागे धड पत्रा लागेपर्यंत. काप उभा सरळ घेतला नाही, पंचेचाळीस अंशात तिरका घेतला. वेल्डिंगची रेष लांब होते आणि सगळा ताण एकाच उभ्या ओळीवर पडत नाही. साडेचारशे मिमीचा तुकडा हातात आला. उचलला तर तो दिसतो त्याच्या निम्माही जड नाही.

७ एप्रिल, रविवार

नवा तुकडा. आधी पुठ्ठ्याचा साचा, मग पत्रा. दादा म्हणाला सहा मिमीचा घाल, जन्मभर चालेल. मेस्त्रींनी नकार दिला. त्यांनी टिपरांवर हे बघितलंय: मध्येच एक जागा दगडासारखी ताठ केली की चासी तिथे वाकत नाही, आणि ताठ जागा जिथे संपते तिथे मोडते. म्हणून मूळइतकाच, चार मिमी. आतून चार मिमीची बाही (आधाराचा तुकडा), जोडाच्या पुढेमागे शंभर-शंभर मिमी जाणारी, आणि तिची दोन्ही टोकं काटकोनात न ठेवता माशाच्या शेपटीसारखी निमुळती. बाही बीमला भोकं पाडून आतून भरायची, म्हणजे कडेला आडवं वेल्डिंग कुठेच येणार नाही.

वाकवायला बेतोड्याच्या वसाहतीतल्या एका वर्कशॉपात नेलं. त्यांच्या प्रेसने कोपरे गोल निघाले, मूळ बीमसारखेच. हातोडीने ठोकून वाकवलेला कोपरा असा येत नाही आणि कोपऱ्यावर घाव पडले की चीर तिथूनच सुरू होते.

९ एप्रिल, गुढीपाडवा

सकाळी गुढी उभारली, दुपारी पहिला टाका. मुहूर्ताचं ठरवलं नव्हतं, योग आला. वहिनींनी वेल्डिंग मशीनलाही हळदकुंकू लावलं.

टाके घालून पुन्हा ओळंबा सोडला. टिंबावर टिंब, एका कोपऱ्यात एक मिमी. टाका कापून जॅकने तेवढं ढकललं आणि पुन्हा मारला.

१४ एप्रिल, रविवार

वेल्डिंग. ७०१८ जातीचे अडीच मिमीचे रॉड, नवं पाकीट, काम सुरू करतानाच फोडलं. हे रॉड हवेतला दमटपणा शोषतात, मग जोडात हायड्रोजन शिरतो आणि चिरा पडतात. चार तासांत जेवढे वापरले तेवढे, उरलेले चासीला वापरायचे नाहीत, मेस्त्री ते ग्रीलला नेतात. आधी सगळी जागा ग्राइंडरने पांढरी केली. जस्ताचा प्राइमर वेल्डिंगच्या जवळ नको, जळलेल्या जस्ताच्या धुराने ताप येतो. ब्रेक क्लीनरचा स्प्रे तर शेडबाहेर ठेवला. त्यातल्या क्लोरीनच्या प्रकारापासून वेल्डिंगच्या आचेत फॉस्जीनसारखा विषारी वायू होतो.

एका वेळी इंच-सव्वा इंच, मग पलीकडच्या बाजूला, मग बाहीच्या भोकांत, मग परत. सलग ओढलं तर बीम आक्रसून वाकतो. मी बाजूला पाण्याची नळी, वाळूची बादली आणि ओला गोणपाट घेऊन बसलो. काम संपल्यावरही अर्धा तास तिथेच. एकदा चासीच्या पलीकडे पडलेल्या नारळाच्या सोडणाने धूर धरला होता.

संध्याकाळी थंड झाल्यावर चिरा तपासायचा लाल रंग फवारला, पुसला, वर पांढरी पावडर. सगळा जोड पांढरा राहिला, फक्त खालच्या पुढच्या कोपऱ्यात केसाएवढी लाल रेष उमटली. नुसत्या डोळ्याला तिथे काहीच दिसत नव्हतं, वेल्डिंग देखणं होतं. मेस्त्रींनी एक शब्द न बोलता तेवढा भाग ग्राइंडरने खोदून काढला, बाजूचा पत्रा हाताला चटका बसेल इतका तापवला आणि पुन्हा भरला. दुसऱ्या तपासणीत पांढरं.

हा लाल रंग लावला नसता तर ती रेष घेऊन आम्ही खूश होऊन हौदा चढवला असता. जुन्या पट्टीची चीर अशीच कुठेतरी सुरू झाली असणार.

२१ एप्रिल, रविवार

उजवी बाजू. कापायची वेळ नाही, पण हँगर आणि बीम यांच्यामध्ये गंज फुगलाय. गंज लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो, दोन पत्र्यांच्या फटीत वाढला की जॅकसारखा त्यांना फाकवतो. मधला रिव्हेट ताणून त्याचं डोकं वाकडं झालं होतं. चारही रिव्हेट उडवले, फट साफ केली, इथेही धुणं आणि ग्लासाची चाचणी. भोकं रीमरने गोल केली आणि ८.८ ग्रेडचे १२ मिमीचे बोल्ट, नायलॉक (ढिले न पडणाऱ्या) नटांसह, टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने कसणाऱ्या) ८० न्यूटन मीटरवर कसले. डाव्या हँगरलाही तेच.

५ मे, रविवार

रंग. सकाळी लवकर मारू नये हे आता कळलं. रात्री थंड झालेल्या लोखंडाला पहाटे घाम येतो, डोळ्यांना दिसतही नाही, बोट फिरवलं की कळतं. नियम असा, की पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या निदान तीन अंश वर हवं आणि दमटपणा ८५ टक्क्यांच्या आत. म्हणून अकरा ते तीन या वेळातच काम.

त्याआधी दोन दिवस फॉस्फोरिक आम्लाचा हात देऊन खड्ड्यांतला उरलासुरला गंज काळा केला, जास्तीचं आम्ल धुतलं. मग जिथे रंग पातळ बसतो तिथे, म्हणजे कडा, वेल्डिंग, बोल्टची डोकी, आधी ब्रशने एक हात. रंग कडेवरून ओघळतो आणि गंज कडेपासूनच लागतो. मग झिंक फॉस्फेटचा इपॉक्सी प्राइमर दोन हात, एक राखाडी, एक तांबडा. रंग वेगळा घेतला की कुठे चुकलं ते दिसतं. वरून काळा पीयू (पॉलीयुरेथेन) रंग उद्या-परवा.

चासी नंबरच्या जागी फक्त पारदर्शक लॅकरचा पातळ हात. पुन्हा पेन्सिल छाप काढला, सगळे आकडे उमटले.

७ मे

लोकसभेचं मतदान. मेस्त्री आले नाहीत. काळा हात मी मारला.

१२ मे, रविवार

पेटीच्या आत रंगाचा ब्रश जात नाही. लांब नळीच्या टोकाला चहूबाजूंनी फवारणारं नोझल लावून मेण मारलं, एका टोकाकडून नळी आत सारून हळूहळू ओढत. तळाच्या भोकांतून मेण ठिबकायला लागलं की तो भाग भरला. मग प्रत्येक भोकात तार घालून ते मोकळं केलं. डाव्या बीमच्या नव्या तुकड्याला आम्ही १२ मिमीची दोन जास्तीची भोकं ठेवलीत, अगदी तळाला.

शेजारी जळका ऑइल मारायचं म्हणत होते, इथे पावसाआधी खूप जण मारतात. पाट्यांचे रबरी बुश त्याने फुगतात आणि धूळ चिकटून चिखलाचा लपका होतो. पुन्हा तीच ओल धरणारी पट्टी. नको.

१९ मे, रविवार

हौदा चढवला. लाकडाऐवजी खाणीवरच्या जुन्या कन्व्हेयर पट्ट्याचे तुकडे. त्याच्या कापलेल्या कडेतून आतलं कापड पाणी पितं, म्हणून कडांना सीलंट. आणि सलग पट्टी न घालता तुकड्यांत बोटभर फट, पाणी थांबू नये म्हणून. नवे क्लॅम्प, नवा ब्रेक पाइप, ब्रेकची हवा काढली. टाकी बसवली. मेस्त्रींनी संध्याकाळी पहिल्यांदा इंजिन लावलं आणि गाडीखाली जाऊन फक्त ऐकत राहिले.

२५ मे

भरून चाचणी. आधी निम्मा माल, मग पूर्ण. त्याच वळणावर आवाज नाही. परत येऊन ओळंबा आणि टिंबं: सगळी जागच्या जागी. लाल रंगाची तपासणी पुन्हा, पांढरी.

८ जून

पाऊस लागला. दोन दिवस गाडी मुद्दाम उघड्यावर ठेवली. डाव्या बीमच्या तळाच्या चारही भोकांतून पाणी थेंब थेंब पडतंय, एकही बुजलेलं नाही. वरून मेणाचा पातळ तवंग येतो तेवढाच.

१६ जून, रविवार

पाचशे किलोमीटर झाले. हँगरचे आठही बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासले. उजवीकडचे दोन पाव आट्याने फिरले, बाकीचे जागचे हलले नाहीत. पुतणीने तळाच्या भोकाखाली ग्लास धरून पावसाचं पाणी घेतलं आणि थेंब टाकला. उजेडात धरून बघावं लागलं इतकं पुसट. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी पुन्हा एकदा घेणार आहे. बाटलीत दहा-बारा थेंब उरलेत.

फिटनेसला गाडी पुढच्या आठवड्यात.